माशी

रघुवीरकाकांची तीनशेपंधरा
माझ्या नावावर व्हायची होती.
ते म्हणाले, आधी नेम तपासू.
वाकडं हत्यार वारसाला देऊ नये.

वरळीच्या बाजूला, समुद्रालगतची रेंज.
माघातली दुपार.
खारा वारा डावीकडून आडवा,
गोळीच्या वाटेला काटकोनात.
पलीकडे वलांडीवरचे बोंबील सगळे एका कुशीवर,
आणि अर्धवट टॉवरची हिरवी जाळी
चाळीस मजले पोट फुगवून उभी.

मी वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली.
श्वास अर्धा सोडला.
तीन गोळ्या.

हवालदार ढेंबरे शंभर यार्डांवरून
कागद घेऊन आले, जवळजवळ धावतच.
तिन्ही छिद्रं मधोमध,
जुन्या रुपयाखाली झाकली जातील एवढी.
बाई, कमाल केलीत, म्हणाले.
मला वाटलं, काका पाठ थोपटतील.

काकांनी कागद उजेडाकडे धरला.
मोतीबिंदू काढलेले डोळे,
पापणी न लवता.
मग जाळीकडे बघितलं, मग बोंबलांकडे.
म्हणाले,
इतक्या वाऱ्यात मधोमध?
म्हणजे बंदूक चुकलेली आहे.

मला कळायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गेलो.
मतलई वारा संपलेला, खारा उठायचा होता.
मधली ती वीस-पंचवीस मिनिटं,
जेव्हा मुंबईतसुद्धा
उदबत्तीचा धूर सरळ वर जातो.
जाळी टॉवरला चिकटून पडलेली,
ओल्या साडीसारखी.

तीन गोळ्या.
तिन्ही डावीकडे, मध्यापासून चार बोटं.

काका बाकावर बसले.
चार बोटं कागदावर ठेवून बघितली,
स्वतःची, करंगळीपासून.
बराच वेळ उचलली नाहीत.

एकोणसत्तर साली, म्हणाले,
मनोरीच्या किनाऱ्यावर मी हिचा नेम बसवला.
असाच वारा होता.
गोळ्या उजवीकडे जायच्या,
म्हणून ठोकून ठोकून मध्ये आणल्या.
फार खूश होतो.
आठ दिवसांनी जव्हारच्या रानात,
पान हलत नव्हतं,
सांबर ओढ्याशी आडवं उभं.

पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं,
तळवा खांद्यामागून
पोटाकडे सरकवत.

दोन रात्री शोधत होतो.
रक्त होतं, मग नुसती घासट,
मग तेही नाही.

नंतर कायदा आला. सगळे हळहळले.
मला बरं वाटलं होतं,
पण मी समजत होतो की तेव्हा माझा हात हलला.
पंचावन्न वर्षं
हाताला बोल लावला.

मी पितळी दांडा आणि हातोडी काढली.
नळीच्या टोकाची माशी
डावीकडे सरकवायची, केसभर, जास्त नाही.
माशीच्या बुडाशी एक लाल रेघ होती,
खूण म्हणून ओढलेली,
काकूच्या नेलपॉलिशची.
हलली तर कळावं म्हणून, म्हणाले.
हललीच नाही.

पहिल्या टोल्याला काही झालं नाही.
दुसऱ्याला रेघ तडकली
आणि एक लाल कपचा
माझ्या अंगठ्याला चिकटला.
मनोरीचा तो वारा
एवढ्याशा जागेत बसून होता.

पुन्हा तीन गोळ्या मारल्या की नाही,
मारल्या. कुठे लागल्या
ते काकांनी विचारलं नाही.
तोवर टॉवरची जाळी
खालच्या मजल्यापासून भरायला लागली होती.

निवडणूक लागली म्हणून पुढच्या सोमवारी
बंदूक ठाण्यात जमा केली.
पावती लिहिणाऱ्या पोराने
वर न बघता विचारलं, चालते का?

काका म्हणाले,
आता चालते.
आणि मग, मी सही करत असताना,
हळूच, बहुधा मलाच:
वारा बघून मात्र.